संरचना विश्लेषण सॉफ्टवेअर आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचे 'एजंट' : कार्यपद्धती, मर्यादा व उत्तरदायित्व

सारांश : इमारती, पूल, धरणे यांच्या संरचनांचे विश्लेषण करणारी सॉफ्टवेअर गेल्या अर्धशतकात अभियंत्याच्या कामाचा अविभाज्य भाग बनली आहेत. आता ही सॉफ्टवेअर माणसाऐवजी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या 'एजंट'कडून चालवून घेण्याचे प्रयत्न होत आहेत. प्रस्तुत लेखात या एजंटची कार्यपद्धती, त्यातून संभवणाऱ्या चुकांचे स्वरूप, यापूर्वीच्या दोन दुर्घटनांतून मिळणारा बोध, आणि वापराच्या व अध्यापनाच्या दृष्टीने आवश्यक असलेल्या अटी यांचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : संरचना विश्लेषण, फायनाइट एलिमेंट पद्धती, कृत्रिम बुद्धिमत्ता, एजंट, पडताळणी, उत्तरदायित्व.

१. प्रस्तावना

कोणतीही इमारत उभी राहते ती भार सुरक्षितपणे जमिनीपर्यंत पोहोचविण्याच्या तिच्या क्षमतेवर. स्लॅबवरील भार बीमवर, बीमवरील कॉलमवर आणि कॉलमवरील पायावर कसा जातो, या प्रवासात प्रत्येक घटकात किती बल निर्माण होते, याचा हिशोब म्हणजे संरचना विश्लेषण होय. हा हिशोब चुकला तर त्याची किंमत पैशात मोजून संपत नाही, कारण त्या इमारतीखाली माणसे राहतात. त्यामुळे हा हिशोब कोण करतो, कसा करतो आणि त्याची जबाबदारी कोण घेतो, हे प्रश्न केवळ स्थापत्य अभियांत्रिकी विभागापुरते मर्यादित राहत नाहीत. ज्ञान यंत्राकडे सोपविताना काय सोपवावे आणि काय आपल्याकडे ठेवावे, हा प्रश्न आज सर्वच विद्याशाखांपुढे आहे. संरचना अभियांत्रिकीत तो विशेष स्पष्टपणे दिसतो, इतकेच.

२. संरचना विश्लेषणाची वाटचाल

संगणकपूर्व काळात अनेक मजली चौकटीचे विश्लेषण हे अत्यंत कष्टाचे काम होते. १९३० साली हार्डी क्रॉस यांनी 'मोमेंट डिस्ट्रिब्यूशन' ही पद्धती मांडली आणि क्रमाक्रमाने अचूक उत्तराजवळ जाण्याचा मार्ग अभियंत्यांना उपलब्ध झाला. ही पद्धती आजही अभ्यासक्रमात शिकविली जाते. पुढे विमानांच्या रचनेच्या अभ्यासातून संगणकास अनुकूल अशी नवी पद्धती विकसित झाली. १९५६ साली टर्नर, क्लफ, मार्टिन व टॉप यांचा या विषयावरील महत्त्वाचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि १९६० साली रे क्लफ यांनी तिला 'फायनाइट एलिमेंट' हे नाव दिले. संपूर्ण संरचनेचे लहान लहान घटकांत विभाजन करणे, प्रत्येक घटकाचे वर्तन समीकरणांत मांडणे आणि ती सर्व समीकरणे एकत्र सोडविणे, हे या पद्धतीचे सूत्र आहे.

१९७० च्या सुमारास अमेरिकेतील बर्कली येथे एडवर्ड विल्सन यांनी 'सॅप' हा संगणक कार्यक्रम तयार केला. त्याच परंपरेतून आलेली 'सॅप २०००' व 'ईटॅब्स' ही सॉफ्टवेअर, तसेच 'स्टाड प्रो', आज भारतातील सल्लागार कार्यालयांत सर्रास वापरली जातात. भूकंपविषयक संशोधनासाठी बर्कली येथेच विकसित झालेले 'ओपनसीस' हे मुक्त सॉफ्टवेअर विद्यापीठांत लोकप्रिय आहे.

या वाटचालीत एक गोष्ट कायम राहिली. समीकरणे सोडविण्याचे काम यंत्राकडे गेले, पण संरचनेची प्रतिकृती, म्हणजे मॉडेल, तयार करण्याचे काम माणसाकडेच होते. कोणता आधार घट्ट मानावा, कोणता सैल, कोणता भार कोठे लावावा, हे निर्णय अभियंता घेत असे. एजंटच्या आगमनाने नेमकी हीच सीमारेषा पुसट होऊ लागली आहे.

३. 'एजंट' ही संकल्पना

मोठ्या भाषा प्रतिमानांचा परिचय आता बहुतेकांना झाला आहे. प्रचंड प्रमाणातील मजकुरावरून शिकून, दिलेल्या संदर्भात पुढे कोणते शब्द येणे संभवते याचा अंदाज बांधणारी ही व्यवस्था होय. नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅटजीपीटी' सर्वांसाठी खुले झाले आणि प्रश्नोत्तराच्या स्वरूपात तिचा प्रसार झाला. अशा प्रतिमानाला केवळ उत्तर देण्याऐवजी कृती करण्याची साधने दिली, म्हणजे त्यास 'एजंट' असे म्हटले जाते.

एजंटचे काम एका चक्रात चालते. प्रथम तो दिलेले उद्दिष्ट वाचतो व पुढील पायरी ठरवितो. नंतर एखादे साधन वापरतो. उदाहरणार्थ, फाइल लिहितो किंवा सॉफ्टवेअरला आज्ञा देतो. त्या साधनाकडून आलेला प्रतिसाद तो पुन्हा वाचतो आणि त्यावरून पुढची पायरी ठरवितो. उद्दिष्ट साध्य झाले असे त्यास वाटेपर्यंत हे चक्र सुरू राहते. निरनिराळी साधने एजंटला एकाच ठरावीक रीतीने जोडता यावीत यासाठी अँथ्रॉपिक या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' हा खुला संकेत जाहीर केला. अशा संकेतांमुळे अभियांत्रिकी सॉफ्टवेअर एजंटला जोडणे पूर्वीपेक्षा सुलभ झाले आहे.

संरचना विश्लेषणाची सॉफ्टवेअर या जोडणीस मुळातच अनुकूल आहेत. ओपनसीसचे संपूर्ण मॉडेल मजकुराच्या स्वरूपात, आज्ञांच्या ओळींनी लिहिले जाते. पायथॉन भाषेतूनही ते चालविता येते. सॅप २०००, ईटॅब्स व स्टाड प्रो यांनाही बाहेरील कार्यक्रमाकडून आज्ञा स्वीकारण्याची सोय आहे. त्यामुळे "तीन मजली, चार गाळ्यांची चौकट तयार कर, भार लाव, विश्लेषण कर व सर्वाधिक मोमेंट सांग" अशी सूचना साध्या भाषेत दिल्यास, एजंट तिचे आज्ञांत रूपांतर करून सॉफ्टवेअर चालवू शकतो.

येथे एक बाब ध्यानात घेणे आवश्यक आहे. एजंट स्वतः समीकरणे सोडवीत नाही. आकडेमोडीत भाषा प्रतिमाने चुकू शकतात. परंतु येथे आकडेमोड सॉफ्टवेअर करते आणि ती विश्वसनीय असते. म्हणजे चुकीची जागा गणितात उरत नाही, ती गणिताच्या आधीच्या टप्प्यात, मॉडेलमध्ये, सरकते. हा बदल समजून घेण्यासाठी एक साधे उदाहरण पाहू.

४. बिनचूक गणित आणि चुकीचे मॉडेल

दोन्ही टोकांना विटांच्या भिंतींवर टेकलेला ६ मीटर लांबीचा एक काँक्रीट बीम घेऊ. त्याची रुंदी २३० मिमी, खोली ४५० मिमी आणि त्यावरील एकूण भार, स्वतःच्या वजनासह, मीटरला २० किलोन्यूटन आहे. असा बीम टोकांशी फिरू शकतो. त्याच्या मध्यभागी येणारा बेंडिंग मोमेंट म्हणजे भार गुणिले लांबीचा वर्ग भागिले ८, अर्थात ९० किलोन्यूटन-मीटर. 'एम २५' प्रतीचे काँक्रीट धरल्यास, तडे विचारात न घेता, मध्यभागीची वाक सुमारे ७.७ मिमी येते.

आता एजंटने हाच बीम मॉडेल करताना दोन्ही टोके पूर्ण जखडलेली मानली असे समजू. सॉफ्टवेअर कोणतीही तक्रार न करता उत्तर देईल. टोकांशी ६० आणि मध्यभागी केवळ ३० किलोन्यूटन-मीटर असा मोमेंट येईल. वाक पाचपटीने कमी, म्हणजे सुमारे १.५ मिमी दिसेल. या उत्तरावरून सळई घातल्यास मध्यभागी खालच्या बाजूस गरजेच्या एक तृतीयांश मोमेंटापुरतीच सळई पडेल आणि टोकांशी वरच्या बाजूस घातलेल्या सळईचा प्रत्यक्षात काहीच उपयोग होणार नाही.

या उदाहरणातील लक्षणीय भाग पुढे आहे. आधारांवरील प्रतिक्रियांची बेरीज लावलेल्या भाराइतकी येते की नाही, ही विश्लेषणाची सर्वात प्रचलित तपासणी होय. एजंटलाही ती करावयास सांगता येते. परंतु वरील दोन्ही मॉडेलांत प्रत्येक आधारावरील प्रतिक्रिया ६० किलोन्यूटन आणि बेरीज १२० किलोन्यूटनच येते. म्हणजे ही तपासणी योग्य मॉडेलला जशी उत्तीर्ण ठरविते, तशीच चुकीच्या मॉडेललाही.

याउलट काही चुका याच तपासणीत तात्काळ पकडल्या जातात. एककांची गल्लत झाली, न्यूटनच्या जागी किलोन्यूटन लिहिले गेले, तर बेरीज हजारपटीने बदलते. बीमचे स्वतःचे वजन मीटरला सुमारे २.६ किलोन्यूटन आहे; ते सॉफ्टवेअरने आपोआप धरले असताना वरील २० च्या भारातही समाविष्ट राहिले, तर बेरीज १२० ऐवजी सुमारे १३५.५ येते. मात्र ही तफावत दिसण्यासाठी बेरीज किती यावयास हवी हे कोणीतरी आधी, स्वतंत्रपणे, काढलेले असावे लागते. एजंटने स्वतः लावलेल्या भाराशीच बेरीज ताडून पाहिली, तर दुप्पट धरलेले वजनही जुळलेलेच दिसेल.

५. उद्दिष्टाच्या मागे लागलेला एजंट

आणखी एका प्रकारच्या चुकीचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. संरचना अस्थिर असेल, म्हणजे एखाद्या दिशेने तिला कोणताच आधार नसेल, तर सॉफ्टवेअर समीकरणे सोडवू शकत नाही व तसा संदेश देते. अनुभवी अभियंत्यासाठी हा संदेश मौल्यवान असतो, कारण तो मूळ रचनेतील उणिवेकडे बोट दाखवू शकतो. एजंटच्या दृष्टीने मात्र तो उद्दिष्टाच्या मार्गातील अडथळा असतो. एखाद्या सांध्यास आधार जोडला की संदेश नाहीसा होतो आणि विश्लेषण पूर्ण होते. परंतु तो आधार प्रत्यक्ष इमारतीत नसेल, तर विश्लेषण दुसऱ्याच एखाद्या इमारतीचे झालेले असते.

"सर्व घटक सुरक्षित ठरेपर्यंत सुधारणा कर" ही सूचना याच कारणाने धोकादायक ठरू शकते. घटकाचा आकार वाढविणे हा एक मार्ग आहे. भाराचे एखादे संयोजन वगळणे हाही, गणिताच्या दृष्टीने, एक मार्गच आहे. कोणता मार्ग निषिद्ध आहे हे स्पष्टपणे सांगितले नसेल, तर तो टाळला जाईल याची खात्री देता येत नाही.

६. इतिहासाची साक्ष

संगणकाच्या उत्तरावर विसंबून राहण्याचे परिणाम एजंटच्या आधीही दिसून आले आहेत. अमेरिकेतील हार्टफर्ड येथील क्रीडागृहाचे सुमारे ९१ मीटर बाय ११० मीटरचे छप्पर १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे बर्फाच्या भाराखाली कोसळले. काही तासांपूर्वीच तेथे बास्केटबॉलचा सामना पाहण्यासाठी सुमारे ५००० प्रेक्षक जमले होते. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. त्या छपराची रचना संगणकीय विश्लेषणावर आधारलेली होती. दाब सहन करणाऱ्या दांड्यांना मध्यभागी आडवा आधार मिळेल असे गृहीत धरले होते. प्रत्यक्षातील जोडणीत, विशेषतः छपराच्या कडेला, तो पुरेसा मिळत नव्हता. छपराचे स्वतःचे वजनही सुमारे २० टक्क्यांनी कमी धरले गेले होते. बांधकाम चालू असतानाच प्रत्यक्ष वाक गणिताने सांगितलेल्या वाकेच्या जवळपास दुप्पट असल्याचे आढळले होते. तरीही संगणकाच्या उत्तरावरील विश्वास ढळला नाही.

दुसरी घटना नॉर्वेतील आहे. 'स्लाइप्नर ए' या समुद्रातील तेल व वायू उत्खनन मंचाचा २४ कप्प्यांचा काँक्रीटचा पाया २३ ऑगस्ट १९९१ रोजी, स्टाव्हँगर शहराजवळील खाडीत नियंत्रित रीतीने पाण्यात उतरविला जात असताना, भिंत फुटून बुडाला. तळाशी आदळताना झालेल्या धक्क्याची नोंद भूकंपमापकांवर ३ रिश्टर इतकी झाली. नुकसान सुमारे ७० कोटी डॉलर होते. चौकशीत असे निष्पन्न झाले की, कप्प्यांच्या मधल्या त्रिकोणी पोकळ्यांच्या भिंतींतील शिअर बल फायनाइट एलिमेंट विश्लेषणात सुमारे ४७ टक्क्यांनी कमी आले होते. त्या भागातील घटकांची विभागणी सदोष होती. त्यामुळे भिंतीची जाडी व तेथील सळई अपुरी राहिली. अपघातानंतर अधिक बारकाईने केलेल्या विश्लेषणाने ही भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल असे सांगितले. प्रत्यक्षात ती ६५ मीटरवर फुटली.

या घटनेचा बोध दुहेरी आहे. योग्य मॉडेल दिल्यास पद्धती किती अचूक असते हे ६२ आणि ६५ या आकड्यांवरून कळते. त्याचबरोबर ६५ मीटर खोलीवर समुद्राच्या पाण्याचा दाब प्रति चौरस मीटर सुमारे ६५० किलोन्यूटन असतो, हे कागदावर दोन ओळींत काढता येते आणि त्यावरून भिंतीच्या टोकाशी येणाऱ्या बलाचा ढोबळ अंदाजही बांधता येतो. अशा अंदाजाशी तुलना केली असती, तर निम्म्याच्या जवळपासची तफावत नजरेत भरण्याजोगी होती. या दोन्ही प्रसंगी मॉडेल माणसांनी तयार केले होते. जे काम पूर्वी काही आठवड्यांत होत असे ते एजंट काही मिनिटांत करू लागला, तर चुकीचे मॉडेलही तितक्याच वेगाने तयार होईल आणि त्याच्याकडे संशयाने पाहण्यास मिळणारा वेळ कमी होईल.

७. भारतीय मानके व एजंटचे ज्ञान

भारतात संरचनांची रचना भारतीय मानक ब्यूरोच्या संहितांनुसार होते; काँक्रीटसाठी आय. एस. ४५६, पोलादासाठी आय. एस. ८००, भारांसाठी आय. एस. ८७५ आणि भूकंपासाठी आय. एस. १८९३. या संहितांच्या आवृत्त्या वेळोवेळी बदलतात. भाषा प्रतिमानाने शिकलेल्या मजकुरात मात्र जुन्या व नव्या आवृत्त्यांवरील पुस्तके, टिपणे व सोडविलेली उदाहरणे एकत्र मिसळलेली असतात.

महाराष्ट्राच्या दृष्टीने याचे एक बोलके उदाहरण देता येईल. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात हजारो लोक मृत्युमुखी पडले. १९८४ च्या संहितेतील नकाशात हा परिसर सर्वात कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ च्या आवृत्तीत पहिला विभागच रद्द करण्यात आला, पाचाऐवजी चार विभाग राहिले आणि किल्लारीचा समावेश तिसऱ्या विभागात झाला. त्या आवृत्तीत दुसऱ्या विभागाचा गुणांक ०.१० व तिसऱ्याचा ०.१६ होता. इतर बाबी समान असता भूकंपाचे बल या गुणांकाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे एजंटने तिसऱ्याऐवजी दुसरा विभाग धरला, तर बल आवश्यकतेच्या ६२.५ टक्केच येईल. विश्लेषण सुरळीत पार पडेल, अहवालही नीटनेटका दिसेल. म्हणून लागू असलेली संहिता, तिची आवृत्ती आणि त्यातील मूल्ये एजंटच्या स्मरणावर न सोडता अभियंत्याने स्वतः लेखी पुरविणे आवश्यक ठरते.

८. सुरक्षित वापराच्या अटी

वरील विवेचनावरून एजंट त्याज्य आहेत असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. आकृत्यांवरून सांध्यांचे निर्देशांक भरणे, एकाच मॉडेलवर अनेक भार संयोजने चालविणे, हजारो ओळींच्या निकालातून महत्त्वाची मूल्ये वेगळी करणे, अशा कंटाळवाण्या व म्हणूनच माणसाकडून चुका होणाऱ्या कामांत त्यांचा मोठा उपयोग आहे. मात्र त्यासाठी पुढील अटी पाळणे इष्ट ठरेल.

(अ) एजंटला मूळ मॉडेलवर काम न देता त्याची प्रत द्यावी आणि त्याने दिलेली प्रत्येक आज्ञा क्रमवार नोंदली जावी.

(आ) आधार, सांध्यांचे स्वरूप, भार, पदार्थांचे गुणधर्म व संहितेतील मूल्ये यांत बदल सुचविण्याची मुभा एजंटला असावी. परंतु तो बदल अभियंत्याच्या मान्यतेशिवाय अमलात येऊ नये.

(इ) विश्लेषणापूर्वी अभियंत्याने एकूण भार, सर्वाधिक मोमेंट व वाक यांचा ढोबळ अंदाज हाताने काढून लिहून ठेवावा. उत्तर पाहिल्यानंतर काढलेला अंदाज त्या उत्तराकडे झुकण्याचा संभव असतो.

(ई) पडताळणी स्वतंत्र असावी. एका एजंटचे काम त्याच प्रतिमानावर आधारलेल्या दुसऱ्या एजंटने तपासले, तर दोघांच्या समजुती व म्हणून चुकाही समान असू शकतात.

(उ) एकच सूचना दोनदा दिल्यास एजंट दोन वेगळी मॉडेल तयार करू शकतो. त्यामुळे अहवालासोबत ज्या मॉडेलवरून उत्तर आले तेच मॉडेल जतन करावे.

उत्तरदायित्वाचा प्रश्न या सर्वांच्या मुळाशी आहे. आराखड्यावर परवानाधारक संरचना अभियंत्याची सही असते. ती सही 'हे मी समजून घेतले आहे' असे सांगते. एजंटला परवाना नाही, त्यास जाब विचारता येत नाही आणि इमारतीस तडा गेल्यास त्यास जागेवर बोलाविता येत नाही. सही करणाऱ्यास मॉडेलमधील प्रत्येक गृहीतकाचे कारण सांगता येत नसेल, तर त्या सहीला कागदावरील शाईपलीकडे अर्थ उरत नाही.

९. अध्यापनाच्या दृष्टीने विचार

महाविद्यालयांपुढील खरी अडचण येथून सुरू होते. एजंटची चूक ओळखण्यासाठी जी दृष्टी लागते, ती चौकटी हाताने सोडवून, सॉफ्टवेअरमध्ये स्वतः चुका करून आणि त्या शोधून तयार होते. एजंटने हेच काम विद्यार्थ्यांच्या हातून काढून घेतले, तर तपासणी करण्यास समर्थ अशी पुढची पिढी कोठून येणार?

यावर काही उपाय संभवतात. प्रात्यक्षिकात विश्लेषणापूर्वी मोमेंट आकृतीचे स्वरूप हाताने रेखाटून घेणे व त्यास स्वतंत्र गुण देणे, हा एक उपाय होय. हेतुपुरस्सर सदोष मॉडेल देऊन त्यातील दोष शोधावयास सांगणे हा दुसरा. वरील ६ मीटरच्या बीमचे उदाहरण त्यासाठी पुरेसे आहे. एजंट वापरण्याची परवानगी दिल्यास त्याच्या आज्ञांची संपूर्ण नोंद प्रकल्प अहवालास जोडणे आणि तोंडी परीक्षेत तिच्यातील कोणत्याही ओळीचे कारण विचारणे हा तिसरा. मोमेंट डिस्ट्रिब्यूशनसारख्या पद्धती प्रत्यक्ष कार्यालयात आता क्वचितच वापरल्या जातात. परंतु सांध्याचा ताठरपणा बलाचे वाटप कसे ठरवितो हे त्या विद्यार्थ्याच्या हाताला शिकवितात. एजंटच्या काळात त्यांचे अध्यापन अनावश्यक ठरण्याऐवजी अधिक आवश्यक ठरते.

१०. निष्कर्ष

संरचना विश्लेषणात यापूर्वीच्या यंत्रांनी आकडेमोड स्वीकारली. एजंट त्याच्या अलीकडचे, म्हणजे संरचनेकडे पाहून ती कशी मानावी हे ठरविण्याचे काम करू लागले आहेत. या टप्प्यावरील चुका सॉफ्टवेअर दाखवीत नाही व नेहमीच्या तपासण्यांतूनही त्या निसटू शकतात. हार्टफर्ड व स्लाइप्नर येथे गृहीतके आणि वास्तव यांतील अंतर वेळीच तपासले गेले नाही. एजंटचा वापर हे अंतर कमी करील की वाढवील, हे त्याच्या क्षमतेइतकेच त्याच्यासमोर बसलेल्या अभियंत्याच्या तयारीवर अवलंबून राहील. ती तयारी करून घेण्याची जबाबदारी प्रामुख्याने महाविद्यालयांची आहे.